निष्काम वीराचे स्मरण कशासाठी?

गीतेचे नित्य पठन करणाऱ्या गृहस्थाच्या मनात केव्हातरी एक शंका उभी राहते. आत्मा अविनाशी आहे, म्हणून ज्ञानी पुरुष गेलेल्यांचा शोक करीत नाहीत, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले. कर्मयोगी तर फलाची आशाच धरीत नाही. मग तो कीर्तीची इच्छा कोठून करणार? असे असता, रणात पडलेल्या तरुणाची पुण्यतिथी पाळणे, त्याचा पुतळा उभारणे, हे गीतेच्या शिकवणीस धरून आहे काय?

ज्याच्या स्मरणाने ही शंका माझ्या मनात उत्पन्न झाली, तो वीर म्हणजे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों. लुधियानाजवळच्या इसेवाल गावचा हा शीख तरुण भारतीय वायुसेनेत वैमानिक होता. विवाहास अद्याप वर्षही झाले नव्हते. १४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या विमानतळावर हल्ला केला. धावपट्टीवर बाँब पडत असतानाच सेखों यांनी आपले छोटे नॅट विमान आकाशात झेपावले आणि शत्रूच्या विमानांशी झुंज घेतली. त्या झुंजीतच त्यांचे विमान कोसळले. पुष्कळ शोध करूनही त्या डोंगराळ मुलखात त्यांचा देह सापडला नाही. अवघ्या दोन दिवसांनी युद्ध संपले. पुढे त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. वायुसेनेत हा मान आजवर त्यांना एकट्यालाच लाभला आहे.

उड्डाण करावयाचे की नाही, याचा विचार करण्यास त्यांना काही क्षणच मिळाले असतील. त्या क्षणी स्मारकाचा विचार कोण करील? स्वधर्म समोर आला आणि त्यांनी तो आचरला. तेव्हा स्मारकाची गरज त्यांना नाही, हे उघडच आहे. मग ती कोणाला आहे?

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, सैन्यात गेलेला मुलगा गमावलेल्या एका मातेच्या समाचारास मी गेलो होतो. पंडिताच्या सवयीने मी आत्म्याचे अमरत्व सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “शास्त्रीबुवा, आत्मा मरत नाही हे खरंच असेल, पण माझ्या हातचं जेवायला बसत होता, तो देहच होता ना?” मी निरुत्तर झालो.

पुढे महाभारताच्या आश्वमेधिक पर्वाचा अनुवाद करीत असता त्या मातेची आठवण होऊन माझी लेखणी थांबली. युद्धानंतर श्रीकृष्ण द्वारकेस परत येतात. वृद्ध वसुदेव युद्धाची हकीकत विचारतात. श्रीकृष्ण सर्व काही सांगतात. परंतु अभिमन्यूचा वध तेवढा गाळतात. नातवाच्या मृत्यूची वार्ता आपल्या पित्यास सोसवणार नाही, हे ते जाणून असतात. सुभद्रा मात्र भावाने काय गाळले ते ओळखते, पुत्राच्या वधाची गोष्टही सांगावयास विनवते आणि मूर्च्छित होऊन पडते. ते पाहून वसुदेवही कोसळतात. मग श्रीकृष्ण भाच्याचा पराक्रम सांगून पित्याचे सांत्वन करतात आणि अभिमन्यूचे श्राद्ध यथाविधि केले जाते. ज्यांनी गीता सांगितली, त्यांनीच हे केले!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रणात पडल्यास स्वर्ग, जिंकल्यास पृथ्वीचे राज्य, हे वचन अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी सांगितलेले आहे. ज्याच्या प्राणावर बेतले आहे, तो त्याचा अधिकारी. आपण ओसरीवर सुरक्षित बसून तेच वचन दुसऱ्याच्या आईला ऐकवावे, हा गीतापाठ नव्हे. तिच्या दुःखाशेजारी बसण्याचे टाळण्याची ती एक युक्ती आहे.

आता मूळ शंकेकडे वळू. सेखों यांनी फलाचा त्याग केला. परंतु ते फल नाहीसे झाले नाही. ते आपल्या पदरात पडले. निर्वेध झोप, मुलांची शाळा, देवापुढचा दिवा, हे सारे त्या फलातच येते. यज्ञाने मिळालेले जो परत काही न देता एकटाच भोगतो, तो चोर होय, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. म्हणून स्मरण हे वीराला दिलेले बक्षीस नव्हे. फल भोगणाऱ्याने मान्य केलेले ते ऋण होय.

ऋण मान्य केले की ते फेडण्याचा यत्नही आलाच. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशीचा निधी माजी सैनिकांच्या व वीरांच्या कुटुंबियांच्या कल्याणासाठी वेचला जातो. आठवड्याने सेखों यांची पुण्यतिथी येते. या दोन तिथींच्या मधल्या काळात प्रत्येक गृहस्थाने यथाशक्ति दान करावे, आणि गावात असे एखादे घर असेल तर तेथे जाऊन यावे. त्यांच्या घरचे आपल्या रीतीने अरदास करतील. आपण आपल्या रीतीने दिवा लावावा. शत्रूचा द्वेष मात्र त्या दिव्यात तेल म्हणून घालू नये.

आणि त्या घरी गेल्यावर उपदेश करू नये. मुलाचे नाव घ्यावे, त्याच्याविषयी विचारावे आणि आई बोलू लागली की ऐकावे.