द्राक्षारसाचे वय

द्राक्षारस जितका जुना तितका चांगला, असे आपण सारे सहज बोलून जातो. परंतु काना गावच्या लग्नात शेवटी वाढलेल्या त्या उत्तम द्राक्षारसाचे वय किती होते? स्पेनच्या वायव्येकडील बिएर्थो परगण्यातील मेंथिया नावाच्या काळ्या द्राक्षाविषयी वाचताना आम्हांस हा प्रश्न पडला.

या द्राक्षाची ख्याती फार नाही. त्याचा रस ताजा असतानाच प्यावा, वर्षानुवर्षे मुरवण्याच्या तो योग्यतेचा नव्हे, असे मत दीर्घकाळ रूढ होते. त्याला कारणही होते. सखल, सुपीक जमिनीत वेल भरघोस पिकतो आणि रस पातळ उतरतो. शिवाय तोडणीस विलंब झाला की या फळातील आंबटपणा झरझर कमी होतो. आंबटपणा आणि साली-बियांतील तुरटपणा यांच्याच आधारावर तर लाल द्राक्षारसाचे आयुष्य उभे असते! १९९९ साली आल्वारो पालाथिओस व त्यांचा भाचा रिकार्दो पेरेथ पालाथिओस यांनी कोरुयॉन गावच्या उभ्या उतारावरील जुन्या वेली हाती घेतल्या. पाटीच्या दगडाची ती हलकी जमीन. फळ थोडे, पण रस गाढ. अशा उतारांवरील मेंथियाने दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ तग धरून दाखवला. द्राक्ष तेच, जमीन वेगळी.

मग प्रश्न सुटला काय? आम्हांस तसे वाटत नाही. खालच्या मळ्यातील जो रस दोन-तीन वर्षांतच प्यायचा, ज्याला ताज्या फळाचा सुवास आहे, तो केवळ टिकत नाही म्हणून हलका ठरावा काय? माणसांचे मोलही आपण याच मापाने करतो. ज्या घरातून लहान लेकरू निघून गेले, तेथे सांत्वनाला गेलेले आपण 'अजून काहीच पाहिले नव्हते हो त्याने' असे म्हणतो. आई गप्प राहते. त्या चार वर्षांत काय काय होते, हे तिला ठाऊक असते.

याच बिएर्थोमधून प्रेषित संत याकोबांच्या समाधीकडे जाणारी यात्रेची वाट जाते. तेथील विल्याफ्रांका गावी संत याकोबांच्या ख्रिस्तमंदिराला 'क्षमेचे द्वार' आहे. आजारी पडलेल्या यात्रेकरूस पुढची डोंगरचढण झेपली नाही, तर सान्तियागोस पोहोचणाऱ्यांना मिळणारी दंडमाफी त्याला त्या दारापाशीच मिळत असे. पुढे सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट अजून उरलेली असे.