तळहाताएवढी पुस्तकं आणि दहा टाचण्या

अर्धा लाल, अर्धा काळा असा एक चेंडू. मुलानं चांगलं काही केलं की त्याच्या लाल बाजूत टाचणी खोचायची, वाईट केलं की काळ्या बाजूत. दहाच्या दहा टाचण्या लाल बाजूला आल्या तर एक पेनी बक्षीस, काळ्या बाजूला गेल्या तर छडी. १७४४ साली लंडनमध्ये जॉन न्यूबेरीनं ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’ हे खिशात मावणारं पुस्तक काढलं, तेव्हा त्याच्यासोबत हा चेंडू मिळत असे. मुलींना चेंडूऐवजी टाचण्या खोचायची छोटी उशी. नुसतं पुस्तक सहा पेन्सला, चेंडू किंवा उशीसकट आठ पेन्सला.

न्यूबेरीचं श्रेय नाकारायचं कारण नाही. त्याच्या सत्तर वर्षं आधी जेम्स जेनवे नावाचा धर्मोपदेशक मुलांसाठी लिहीत होता, ते भाविक बालकांच्या पवित्र मरणांविषयी. शिकणं मुलाला खेळासारखं वाटावं, हे जॉन लॉकनं १६९३मध्ये मांडलं होतं. न्यूबेरीनं तो विचार दुकानात आणून ठेवला. अमेरिकेत १९२२पासून बालसाहित्यासाठी त्याच्या नावाचं पदक दिलं जातं, तेही योग्यच आहे.

पण त्या टाचण्या मला खुपतात. चांगुलपणाचा असा जमाखर्च मांडला, की मूल चांगलं वागण्याऐवजी हिशेब सांभाळायला शिकतं. खोटं का बोलू नये? तर टाचणी काळ्या बाजूला जाते म्हणून. यात ज्याच्याशी खोटं बोललो तो माणूस कुठेच नाही. शिवाय बोधाच्या आडून आणखी काय काय आत शिरतं, तेही पाहावं. न्यूबेरीनंच १७६५मध्ये छापलेल्या ‘गुडी टू-शूज’च्या गोष्टीत मार्जरीचे वडील तापानं दगावतात, कारण त्या जागी डॉक्टर जेम्स यांची पूड मिळत नव्हती. ही पूड खुद्द न्यूबेरी विकत असे. अनाथ मुलीच्या दुःखात त्यानं आपल्या मालाची जाहिरात बसवली. ज्या लेखकाला वाचणारं मूल गिऱ्हाईक वाटतं, त्याच्या उपदेशावर मी विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडेही गोष्टीखाली ‘तात्पर्य’ छापायची सवय जुनी आहे. गोष्टीत रंगलेल्या मुलाला लगेच ‘मग यातून काय शिकलास?’ असं विचारलं, की त्याचा चेहरा कसा उतरतो, हे घराघरात पाहायला मिळतं.

म्हणून मला न्यूबेरीपेक्षा थॉमस बोरमन जवळचा वाटतो. त्यानं १७४० ते १७४३ या काळात दहा पुस्तकांची एक माला काढली. प्रत्येक पुस्तक जेमतेम अडीच इंच उंचीचं, आपल्या स्तोत्रांच्या गुटक्याहूनही लहान, आणि मालेचं नाव मात्र ‘जायगँटिक हिस्टरीज’! लंडनच्या गिल्डहॉलमध्ये गॉग आणि मॅगॉग या राक्षसांचे सुमारे १४ फुटी लाकडी पुतळे होते; त्यांच्याजवळच ही पुस्तकं विकली जात. विषय गिल्डहॉल, टॉवर, सेंट पॉलचं चर्च असे शहरातलेच. आधी पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांची नावं पुस्तकात छापायची तेव्हा रीत होती. ती प्रतिष्ठित मोठ्यांची असत. बोरमननं ती मुलांची छापली, आणि त्यांच्या पंगतीला गंमत म्हणून राक्षसांनाही बसवलं.

मुलाचा आकार ओळखून पुस्तक घडवायचं आणि त्यात त्याचं नाव मोठ्या माणसाच्या नावासारखं छापायचं. तू वाचक आहेस, तुझं नाव नोंदवण्याजोगं आहे, एवढंच ती यादी सांगते. दहा टाचण्यांनी जे साधत नाही, ते अशा मानानं साधतं, असं माझं ठाम मत आहे.

ते दोन्ही लाकडी राक्षस डिसेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. अडीच इंची पुस्तकांच्या काही प्रती आजही शिल्लक आहेत, आणि त्यांतली मुलांची नावं अजून वाचता येतात.