रुईचे पान: औषध आणि पूजा

शनिवारी मारुतीला वाहायच्या रुईच्या माळा दादरच्या फूलबाजारात विकल्या जातात आणि तेच पान तेल लावून, तव्यावर शेकून सुजलेल्या गुडघ्यावर बांधण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. एकच पान औषधातही आणि पूजेतही का? ते गुणकारी आहे म्हणूनच पूज्य ठरले, हे उत्तर मात्र अपुरे वाटते. कारण देठ मोडताच पाझरणारा रुईचा पांढरा चीक डोळ्याला इजा करतो आणि आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत, म्हणजे तुलनेने सौम्य विषांत, केली आहे. वैद्य तिचा दाह टाळून गुण तेवढा घेऊ पाहतो, तर भक्त ती चिकासकट अर्पण करतो. गणेशपूजेच्या २१ पत्रींतही तिला अर्कपत्र म्हणून स्थान आहे.