नारळ, रुमाल आणि वाटणी

२९ ऑक्टोबर २०२४. दिवाळी तोंडावर आलेली. बारामती तालुक्यातल्या कन्हेरीत, विधानसभेला अजित पवारांसमोर उभे राहिलेले त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांच्या प्रचाराच्या शुभारंभाची सभा. शरद पवार बोलता बोलता थांबतात, रुमाल डोळ्यांशी नेतात आणि रडल्यासारखं करतात. समोरचा मंडप हसतो. एवढंच. उद्या कुणी या भाषणाची टिपणं काढली तर त्या जागी कागद कोराच राहील, कारण तिथे शब्दच नव्हता. पण त्या निवडणुकीत पुन्हा पुन्हा पाहिलं गेलेलं वाक्य ते होतं.

आदल्या दिवशी बारामतीतून अर्ज भरल्यानंतरच्या सभेत अजित पवारांचा आवाज दाटून आला होता. लोकसभेला बहीण सुप्रिया सुळेंसमोर पत्नी सुनेत्रा यांना उभं केलं, ती आपली चूक होती. आता तीच चूक समोरच्यांनी का करावी, असा त्यांचा मुद्दा होता. दादांच्या विरोधात कुणाला उभं करू नका, असं आईनंही सांगितलं होतं, हेही ते बोलून गेले. रुमाल होता तो याला उत्तर म्हणून.

पवारांच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटत आला आहे. २०२४ मध्ये तो दोन्ही बाजूंनी फुटला, देव एकच. या नारळाच्या भाषणाला आपल्याकडे कुणी साहित्यप्रकार मानत नाही, पण त्याची ठेवण पक्की आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा अभंग घेतात आणि विषय उलगडून ठेवतात. आख्यान नंतर, उत्तररंगात. नारळाचं भाषण हा प्रचाराचा पूर्वरंग. पुढचे पंधरा-वीस दिवस गावोगाव कोणत्या विषयावर बोललं जाणार, वाद पाण्यावर होणार की घरावर, हे तिथे ठरतं. २०२४ मध्ये ‘घर’ हा विषय ठरला, आणि तो दोघांनीही मान्य केला. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. भांडण होतं ते घर कुणी फोडलं याचं. निवडणुकीचा आणि घराचा संबंध काय, हा प्रश्न व्यासपीठावरच्या कुणालाच पडला नाही. मंडपातल्यांनाही नाही.

ॲरिस्टॉटलनं मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्याचा तर्क. पुस्तकात ही तीन वेगळी असतात, बारामतीत ती एकाच दोरीत वळलेली आहेत आणि त्या दोरीचं नाव नातं. अजितदादांच्या त्या भाषणात तिन्ही आहेत. ‘चुकलो’ म्हणणाऱ्याची पत वाढते. आईचा उल्लेख होतो तेव्हा भावना जागी होतेच, शिवाय घरातलीच साक्षीदार उभी राहते. आणि तर्क तर सरळ तराजूचा: मी चुकलो तेव्हा तुम्ही मला शिक्षा दिलीत, आता तेच माप त्यांनाही लावा. कबुलीच्या पोटात मागणी बसवलेली आहे. एरवी रांगड्या, तोडून बोलण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसानं केलेला हा युक्तिवाद चांगलाच बांधेसूद होता.

अश्रूंना तर्कानं उत्तर देता येत नाही. दिलं तर देणारा निष्ठुर ठरतो. थोरल्या पवारांनी म्हणूनच प्रकारच बदलला. कीर्तनातून ते एकदम तमाशात गेले, बुवा सोडून सोंगाड्याच्या भूमिकेत. हसू आलं की रडू टिकत नाही. पण यात एक धोका होता आणि तो त्यांच्यासारख्या मुरब्बी माणसाला दिसला नसेल असं वाटत नाही. विषय ‘घर’ ठरलेला असताना घरातल्या वडीलधाऱ्यानं धाकट्याच्या रडण्याची नक्कल करावी, हे हसून झाल्यावर घरी जाताना खटकतं. अजितदादांनी नेमकं तेच पकडलं. नक्कल आजवर इतर करायचे, साहेबांकडून ती अपेक्षित नव्हती, अशा अर्थाची नाराजी त्यांनी बोलून दाखवली.

याच घराच्या भाषेतला आणखी एक डाव लोकसभेच्या वेळी पडला होता. मुलाला निवडून दिलंत, वडिलांना दिलंत, मुलीला दिलंत, आता सुनेला द्या, ही अजितदादांची मांडणी. ओळ अशी लावली की पुढचं नाव ऐकणाऱ्यानंच भरावं. शरद पवारांनी तिला मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार अशी फोड करून तोडलं. टाळी पडली, पण ते वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं. सून बाहेरची, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात कधी ना कधी कुणाला तरी ऐकवलं गेलेलं वाक्य आहे. आणि तर्क म्हणून पाहिलं तर ते आणखीच विचित्र. पवार आडनाव लावणाऱ्या सुनेत्रावहिनी बाहेरच्या, आणि सुळे आडनाव लावणाऱ्या सुप्रियाताई घरच्या! लेक सासरी गेली तरी माहेरचीच, या समजुतीवर ते वाक्य उभं होतं. ती समजूत इतकी मुरलेली आहे की कुणी हिशेब मांडून पाहिला नाही.

कन्हेरीहून इंदापूरकडे सरकलं की भाषणाचा पोत बदलतो. तिथला पूर्वरंग पाण्याचा. एका अंगाला उजनीचं फुगवट्याचं पाणी, त्यात बुडालेल्या जुन्या पळसदेवासारख्या गावांची आठवण. दुसऱ्या अंगाला कॅनॉलच्या टेलची गावं, जिथे आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते आणि पाणी मागाहून, कधी कधी येतच नाही. अशा ठिकाणी नेता बोलतो तो देणारा म्हणून. एप्रिल २०२४ मध्ये इंदापुरात डॉक्टर-वकिलांसमोर अजितदादा म्हणाले ते असं, की निधी लागेल तेवढा देऊ, पण मशीनची बटणंही कचाकचा दाबा, नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल. हशा पिकला आणि बाहेर तक्रारही झाली. यात ‘कचाकचा’ हा शब्द फार नेमका आहे. ऊस तोडताना, विळ्यानं कडवळ कापताना येणारा तो आवाज. सरकारी निधीची अट त्या शब्दामुळे शेतातली थट्टा होऊन गेली.

ही घरगुती थट्टा मंडपाबाहेर मात्र टिकत नाही. एप्रिल २०१३ मध्ये याच इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीत ते दिसलं. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरचा एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. धरणात पाणी नाही तर काय, असं म्हणून तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजितदादांनी जे जोडलं ते मी पुन्हा लिहीत नाही, वाचकांना ते पाठ आहे. समोर बसलेले हसले. पुढे कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस बसून त्यांना आत्मक्लेश करावा लागला. निंबोडीत हसलेली माणसं क्रूर नव्हती. आपला माणूस आपल्यात बोलतोय असं त्यांना वाटलं. भाषणात ‘आपण’ जितकं घट्ट होतं तितका ‘ते’ लांब जातो, आणि त्या दुष्काळात ‘ते’ म्हणजे उजनीच्या खालच्या अंगाचे लोक होते. पुढे लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला मान्यता मिळाली तेव्हा सोलापुरातून विरोध उसळला. गावाचं नाव तेच, धरणही तेच.

थोरल्या पवारांच्या बोलण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचे उच्चार स्पष्ट नाहीत. वक्तृत्वाच्या कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत गुण कापले जातील. सभेत मात्र उलटं होतं. शब्द नीट कळावा म्हणून माणूस पुढे सरकून बसतो, शेजारच्याला गप्प करतो. १९६७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी बारामतीतून आमदार झालेल्या माणसाला मुद्दा पटवून द्यावाच लागत नाही असं वाटण्याइतकी ती शांतता असते.

आणि तरीही. लोकसभेला इंदापुरात दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील, २०१४ आणि २०१९ च्या विधानसभेला एकमेकांशी लढलेले दोघेही, सुनेत्रावहिनींच्या बाजूला होते; आघाडी मिळाली सुप्रियाताईंना. बारामती लोकसभा मतदारसंघात त्या १,५८,३३३ मतांनी जिंकल्या. पाच महिन्यांत हर्षवर्धन पाटील साहेबांकडे आले, रुमालाची सभा झाली, आणि नोव्हेंबरात इंदापुरातून भरणे १९,४१० मतांनी, तर बारामतीतून अजितदादा १,००,८९९ मतांनी निवडून आले. ज्या बारामती विधानसभा क्षेत्रानं ताईंना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली होती त्याच बारामतीनं. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे गावागावांत आधीच बोललं जात होतं. नेत्यांनी घर हा विषय दिला, तर लोकांनी घरात जे करतात तेच केलं: वाटणी. वरचं वावर तिला, खालचं त्याला. दोघांपैकी कुणाचंही म्हणणं पूर्ण पटण्याची त्यांना गरज भासली नाही, आणि दोघांनाही ऐकून घेण्यात त्यांनी कसूर केली नाही.

त्या नोव्हेंबरात इंदापूर तालुक्यातल्या एका सभेला मी मंडपाच्या अगदी मागे, मोटारसायकलींच्या रांगेत उभा होतो. शेजारचा गृहस्थ गाडीवर आडवा बसून दोन तास ऐकत होता. टाळ्यांना टाळ्या, हशाला हसू, सगळं वेळेवर. आभार सुरू झाले तसं मी त्याला विचारलं, भाषण कसं वाटलं. ‘ब्येस झालं,’ तो म्हणाला, आणि किक मारता मारता त्यानंच मला विचारलं, ‘तुम्ही पुढं होता काय मगाशी? कॅनॉलला पाणी कधी सोडणार, तारीख बोलले का कोण?’