रिकाम्या कारकुनाचे पुण्य

एकाच वेळी दोन माणसांवर सारखंच प्रेम करता येतं का, हा प्रश्न कादंबरीकारांनी फार चघळला आहे. एकाच वेळी सहा माणसांचे फोन घेता येतात का, हा त्याहून अवघड प्रश्न मात्र त्यांनी बँकेच्या कारकुनांवर सोडून दिला.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. शाखेत एक काळा फोन असे, तोही साहेबांच्या टेबलावर आणि बहुधा बंद. चालू असलाच तर एका वेळी एकच माणूस बोलायचा. बाकीच्यांच्या कानात एन्गेज टोन. त्या टोनमध्ये एक रोखठोकपणा होता. "जागा नाही, मागच्या गाडीने या," असं तो एसटीच्या कंडक्टरसारखं तोंडावर सांगायचा. माणूस रिसीव्हर आपटायचा, दोन शिव्या हासडायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

आता हापिसात इंटरनेटवरचा फोन आला. यात तुमच्या आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतात आणि पलीकडे पुन्हा ते जुळवतात. एका संभाषणाने अख्खी तार अडत नाही. त्यामुळे एकाच नंबरावर सहा-सहा फोन खुशाल आत येतात. दार रुंद झालं हो, पण दारामागे बसलेला कारकून तेवढाच राहिला! त्याला तोंड एक आणि कान दोन, त्यातलाही एक साहेबांसाठी राखीव.

तर समोर सहा दिवे लुकलुकताहेत. आधी कोणाला घ्यायचं? मी काही तत्त्वज्ञ नव्हे, साधा बी. कॉम. आहे. पण हा प्रश्न बटणाचा नसून न्यायाचा आहे, एवढं बी. कॉम. झालेल्यालाही कळतं.

ट्रंक कॉलच्या जमान्यात याचं उत्तर सोपं होतं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन वर्ग. पैसा जास्त, नंबर आधी. गावाकडे वडील अत्यवस्थ असलेला गरीब ऑर्डिनरी लावून तासन् तास पोस्टात बसायचा, आणि कापसाचा भाव विचारणारा शेठ लायटनिंगने त्याच्या डोक्यावरून निघून जायचा. १९६० साली कानपूर-लखनौ अशी पहिली एसटीडी सुरू झाली, हळूहळू ती देशभर पसरली आणि ही वर्णव्यवस्था मोडली. बरं झालं.

तिच्या जागी आलं 'आधी आला तो आधी'. याच्याइतका समतावादी नियम नाही. पण दुसऱ्या नंबरावरचे काका विचारताहेत, "उद्या दुसरा शनिवार का हो?" आणि सहाव्या नंबरावरच्या बाईंच्या खात्यातून कोणीतरी भामटा या क्षणी पैसे उपसतो आहे. फसवणुकीत गेलेला पैसा अडवायचा तर मिनिटं मोजावी लागतात. त्यासाठीच तर सरकारने १९३० हा वेगळा नंबर ठेवलाय. पण घाबरलेल्या माणसाला तो आठवत नाही, त्याला आपली शाखा आठवते. दिव्यांकडे पाहून कोणता काकांचा आणि कोणता बाईंचा, हे कळत नाही. सगळे सारखेच लुकलुकतात. समता असते ती ही अशी!

यावर तोडगा म्हणून यंत्राच्या तोंडी घातलं, "फसवणुकीची तक्रार असल्यास एक दाबा." आठ दिवस बरे गेले. मग लोकांच्या ध्यानात आलं की 'एक' दाबलं की लवकर उचलतात. आता पासबुक छापून मिळेल का विचारणाराही 'एक' दाबतो. म्हणजे पूर्वी पुढे घुसायला पैसे मोजावे लागत, आता थोडं खोटं बोललं की भागतं. आणि खरं बोलून 'चार' दाबणारा सज्जन मागेच राहतो. या उदाहरणावरून नीतीवर व्याख्यान देणाऱ्यांनी काय तो बोध घ्यावा.

दुसरा तोडगा, सगळ्यांचे फोन एकदम वाजवायचे. पाच टेबलांवर एकच घंटा. प्रत्येकाला वाटतं, पलीकडचा उचलेल. पलीकडचा माझ्याकडे पाहतो, मी लेजरकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असं म्हणतात. हा तर पाच घरचा!

या फोनची जी भाषा आहे तिला 'सिप' म्हणतात. (बँकेत हा शब्द काढला की लोक म्युच्युअल फंडाचा फॉर्म मागतात, तो सिप वेगळा.) या भाषेत प्रत्येक परिस्थितीला आकडा आहे. १८० म्हणजे वाजतोय. १८२ म्हणजे रांगेत आहे. ४८६ म्हणजे इथला माणूस गुंतलाय, आणि ६०० म्हणजे सगळीकडेच गुंतलाय. आमच्या शाखेत काही मंडळी नोकरीला लागल्यापासून ६०० वर आहेत. पण मला अस्वस्थ करतो तो ४८७. म्हणजे कोणी उचलायच्या आतच पलीकडच्याने नाद सोडला. काकांना कॅलेंडर सापडलं म्हणून सोडला, की बाईंच्या खात्यात काही उरलंच नाही म्हणून? आकडा एकच.

मग खरं उत्तर काय? ते एका डॅनिश गणितज्ञाने शोधून ठेवलंय. एर्लांग त्याचं नाव. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो नोकरीला होता आणि १९०९ साली त्याने टेलिफोनच्या गर्दीचं गणित मांडायला सुरुवात केली. त्यातून पुढे रांगांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्या शास्त्राचा साधा हिशेब पाहा. कारकून एक, फोन सरासरी ३ मिनिटांचा. कोणी अर्ध्या मिनिटात आटपतो, कोणी सुनेच्या तक्रारीही सांगतो. फोन केव्हा येईल याचा नेम नाही. तासाला १० फोन आले तर कारकून ३० मिनिटं बोलतो, ३० मिनिटं रिकामा. फोन करणाऱ्याला सरासरी ३ मिनिटं थांबावं लागतं. आता तासाला १८ फोन आले असं धरा. कारकून ५४ मिनिटं बोलतो. काम दुपटीलाही पोचलं नाही, पण थांबणं सरासरी २७ मिनिटांवर गेलं! आणि २० आले तर कारकून क्षणभरही रिकामा नाही. साहेब खूश, आणि रांग मात्र वाढतच जाते, तिला अंत नाही.

हा हिशेब मी साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला अर्धा वेळ बसून पगार हवा, असंच ना?"

"तसं नव्हे साहेब," मी म्हटलं. "त्या सहा मिनिटांवर आपण जी काटकसर करतो ना, तिचं बिल रांगेतले लोक भरतात. ते आपल्या लेजरमध्ये दिसत नाही, इतकंच."

साहेब 'हं' म्हणाले. जागा भरायची झाल्यास वर विचारावं लागतं आणि वरचा फोन ४८६ असतो.

तोवर माझ्यापुरता मी एक नियम केलाय. दिवा लागला की उचलायचं आणि 'होल्ड करा' म्हणण्याआधी एकच विचारायचं, "आत्ताच्या आत्ता काही बिघडतंय का?" बहुतेक लोक या प्रश्नाला खरं उत्तर देतात. यंत्राशी खोटं बोलणारा माणूस माणसाशी बोलताना जरा ओशाळतो. बाकीच्यांचा नंबर कागदावर टिपायचा, "चारपर्यंत मीच करतो" म्हणायचं, आणि चारपर्यंत करायचा. काउंटरपुढे उभा असलेला माणूस तेवढ्यापुरता कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर रास्त आहे. रजा टाकून आलेल्याने घरून फोन करणाऱ्याच्या मागे का राहावं, याचं उत्तर एर्लांगकडेही नाही.

तेव्हा बँकेत एखादा कारकून फोनशेजारी नुसता बसलेला दिसला तर लगेच नाक मुरडू नका. पुढचा फोन तुमच्या घरूनच येणार असेल, आणि त्याचं ते रिकामं बसणं तुमच्याच उपयोगी पडेल. फोन वाजत असतानाही तो तसाच बसून राहिला, तर मात्र खुशाल तक्रार करा. तक्रारीसाठी दोन दाबा.