एक रंग आणि अनेक आकृत्या : स्वॉचचा पदार्थविचार

इलस्ट्रेटरसारख्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या आकृतीला रंग थेट भरता येतो, किंवा तो आधी 'स्वॉच' म्हणून, म्हणजे नाव आणि शायांचे प्रमाण ठरवून दिलेला नमुना म्हणून, पॅलेटमध्ये साठवून तेथून घेता येतो. स्वॉच साठवताना 'ग्लोबल' हा पर्याय निवडला, तर त्याच्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक लहान पांढरा त्रिकोण दिसू लागतो आणि त्या स्वॉचने रंगवलेली प्रत्येक आकृती त्याच्याशी बांधली जाते. मॅजेंटा 70 टक्के आणि पिवळा 90 टक्के असा 'शेंदरी' स्वॉच एखाद्या मुखपृष्ठावर शीर्षकाच्या पट्टीला, प्रकाशनाच्या बोधचिन्हाला आणि मलपृष्ठावरील चौकटीला दिलेला असेल, आणि पुढे मॅजेंटा 60 टक्क्यांवर आणला, तर एकाही आकृतीला हात न लावता तिन्ही ठिकाणचा रंग बदलतो. पर्याय निवडलेला नसेल, तर स्वॉच बदलूनही आकृत्या पूर्वीच्याच रंगात राहतात. या साध्या सोयीमुळे भारतीय दर्शनांतला एक जुना वाद नव्याने उभा राहतो. रंग वस्तूत राहतो, की वस्तूबाहेरच्या एखाद्या तत्त्वात?

न्याय-वैशेषिकांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. त्यांच्या मते रंग, म्हणजे 'रूप', हा केवळ डोळ्यांनी कळणारा गुण असून तो द्रव्यात समवायाने, म्हणजे कधीही न सुटणाऱ्या संबंधाने, राहतो. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त त्याचे पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि चित्र असे सात प्रकार सांगितले आहेत. (अनेक रंगी धाग्यांच्या वस्त्राला 'चित्र' हा स्वतंत्र रंग मानणाऱ्या या मंडळींनी ग्रेडियंटचेही हौसेने वर्गीकरण केले असते.) दोन तांबड्या घटांचा तांबडेपणा मात्र या मताने एक नव्हे, प्रत्येक घटाचा गुण निराळा असतो आणि त्या सर्वांत सारखी आढळते ती 'जाती', म्हणजे नित्य आणि अनेकांत राहणारे सामान्य. घट भट्टीत भाजल्यावर काळ्याचा तांबडा होतो, तेव्हा परमाणू बदलतात की अखंड घट बदलतो, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात दीर्घ वाद झाला. तरी अग्नीचा संयोग त्या घटाशीच व्हावा लागतो, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते.

ग्लोबल स्वॉच या चौकटीत सहज बसत नाही. तो एक असून अनेक आकृत्यांचा रंग ठरवतो, म्हणून त्याला त्या त्या आकृतीचा गुण म्हणता येत नाही. तो बदलतो आणि पुसताही येतो, म्हणून त्याला जाती म्हणता येत नाही. 'जाती' आणि विचाराने लादलेला समान धर्म, म्हणजे 'उपाधी', असा भेद नैयायिक करतात, आणि त्यातली दुसरी बाजू स्वॉचला अधिक शोभते. पण याहून जवळचे उदाहरण वैशेषिकांच्या संख्याविचारात सापडते. 'दोन' ही संख्या दोन्ही वस्तूंत मिळून राहते, परंतु ती उत्पन्न होते 'हा एक, हा एक' अशी मोजणाऱ्याची 'अपेक्षाबुद्धी' असल्यामुळे, आणि ती बुद्धी संपली की द्वित्वही नष्ट होते. स्वॉचचे एकत्वही आकृत्यांच्या स्वभावातून येत नाही. या तिघींचा रंग एकत्र बदलावा, असे ठरवणाऱ्याच्या बुद्धीतून ते येते. स्वॉच पॅलेटमधून काढून टाकला, की इलस्ट्रेटर त्या आकृत्यांना तोच रंग सुटा, ग्लोबल नसलेला, म्हणून देतो, ही गोष्ट या मताला पुष्टी देणारी आहे. आकृत्या शेंदरीच राहतात. नाहीशी होते ती केवळ त्यांना जोडणारी एकता.

बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याच्याही पुढे जातो. त्याला सामान्यच मान्य नाही. वस्तूंना आपण एका नावाखाली आणतो ते त्या एकच 'अर्थक्रिया', म्हणजे प्रत्यक्ष कार्य, करतात म्हणून. 'प्रमाणवार्तिका'त तो ताप उतरवणाऱ्या वनौषधींचे उदाहरण देतो: गुळवेलीसारख्या निरनिराळ्या वनस्पतींत एखादे समान तत्त्व नसूनही त्या सर्व ताप उतरवतात. रंगसंगतीचे व्यवस्थापन करणाऱ्याला हा विचार नैयायिकांच्या विचारापेक्षा अधिक उपयोगी पडतो. स्वॉचला 'शेंदरी' हे नाव दिले आणि पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ निळे करायचे ठरले, तर 'शेंदरी' नावाखाली निळा रंग बसतो आणि फाइल हाताळणाऱ्या दुसऱ्या माणसाचा गोंधळ उडतो. 'शीर्षकपट्टी' किंवा 'इशारा' असे कार्यावरून नाव दिले, तर रंग कितीही बदलला तरी नाव खोटे ठरत नाही. मोठ्या रचनांत म्हणूनच दोन थर ठेवतात: खालच्या थरात रंगांची मूळ मूल्ये आणि वरच्या थरात त्यांची कामे, ज्यातले प्रत्येक काम खालच्या एखाद्या मूल्याकडे बोट दाखवते.

ही अपेक्षाबुद्धी कोणाची, हा प्रश्न मात्र दार्शनिकांपेक्षा बाजाराने अधिक कठोरपणे विचारला. 1963 पासून छपाईच्या जगात रूढ झालेल्या पँटोन पद्धतीत रंगाची ओळख क्रमांकाने होते आणि त्या क्रमांकाचा अर्थ पँटोन कंपनी ठरवते. 2022 च्या अखेरीस अ‍ॅडोबी आणि पँटोन यांच्यातील परवान्याची व्यवस्था बदलली, तेव्हा फोटोशॉपच्या जुन्या फाइलींतील पँटोन रंगांच्या जागी, वेगळी वर्गणी न भरणाऱ्यांना, काळा रंग दिसू लागला. स्वतःचा स्वॉच स्वतः पुसला, तर आकृतीला तिचा रंग परत मिळतो. परक्याच्या सूचीवर टांगलेला रंग असा परत मिळेलच, याची खात्री नसते. म्हणून पँटोनचा क्रमांक वापरावा, पण त्याच फाइलीत त्या रंगाची चार शायांतली टक्केवारीही नोंदवून ठेवावी.