सहा धावांचे अंतर



म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात 'गंगोत्री ग्लेड्स' नावाचे क्रिकेटचे मैदान आहे. जानेवारी २०१० मध्ये तेथे मुंबई आणि कर्नाटक यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. विजयासाठी ३३८ धावा हव्या असताना कर्नाटकाचा डाव ३३१ धावांवर आटोपला. मुंबई अवघ्या सहा धावांनी विजयी झाली.

कल्पना करा, त्या दिवशी आपण त्या गर्दीत आहात. मातृभाषा मराठी, पण घर, नोकरी, मुलांची शाळा आणि रविवारची उपासना सारे म्हैसुरात. आपण कोणाच्या विजयासाठी टाळ्या वाजवाल? प्रश्न वरकरणी गमतीचा वाटतो, परंतु त्याच्या पोटात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपल्या संघावर प्रेम करणे हा सद्गुण आहे, की तो केवळ मोठा केलेला स्वार्थ आहे?

महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाखाली १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. विद्यार्थी येतात, दोनतीन वर्षे संघाचा पोशाख अंगावर घालतात आणि निघून जातात. परंपरा मात्र मागे राहते. ती त्यांनी निर्माण केलेली नसते आणि त्यांच्याबरोबर संपतही नाही. आपल्या आधी कोणी होते व आपल्यानंतरही कोणी येणार आहे, ही जाणीव तरुणाला नम्र करते. क्रीडापरंपरेचे पहिले दान हेच होय.

तथापि केवळ एकजूट म्हणजे नीती नव्हे. दरोडेखोरांच्या टोळीतही एकजूट असते. तेथेही एकमेकांसाठी जीव धोक्यात घातला जातो. मग संघभावना नैतिक ठरते ती कशामुळे? मला वाटते, तिला दोन कसोट्या लावाव्यात. संघ आपल्या माणसाला कसा वागवतो, ही पहिली. आणि प्रतिस्पर्ध्याकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, ही दुसरी.

पहिल्या कसोटीसाठी एरापल्ली प्रसन्ना यांच्याकडे पाहू. १९६२ साली त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्याच वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर १९६७ पर्यंत ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत. मधल्या काळात म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमध्ये त्यांनी आपले शिक्षण पूर्ण केले. परतल्यावर ते भारताच्या थोर फिरकी गोलंदाजांत गणले गेले. माणूस हा खेळाडूपेक्षा मोठा असतो, हे यावरून ध्यानात येते. जो संघ खेळाडूचे फक्त हातपाय मागतो आणि त्याच्या उद्याची चिंता करीत नाही, तो संघ नव्हे. तो केवळ वापर होय. दुखापत झालेल्या, राखीव बाकावर बसलेल्या, संघातून वगळलेल्या मुलाची विचारपूस कोण करतो, यावरून संघाची पारख करावी.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. कोणी म्हणेल, "जिंकण्याची इच्छा म्हणजे दुसऱ्याने हरावे ही इच्छाच नव्हे काय?" आक्षेप खोटा नाही. परंतु खरा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा पाय मुरगळावा अशी इच्छा धरीत नाही. त्याने आपले सर्वस्व पणाला लावावे आणि तरीही आपण एक पाऊल पुढे असावे, असे त्याला वाटते. म्हैसूरच्या त्या सामन्यात कर्नाटकाच्या मनीष पांडेने दुसऱ्या डावात १४४ धावा केल्या. त्या धावा नसत्या, तर मुंबईच्या विजयाला इतके मोल आले असते काय? त्याआधी, १९७३-७४ च्या हंगामात, प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखालील कर्नाटकाने मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका खंडित केली होती. तो विजय थोर ठरला, कारण पराभूत संघ थोर होता. प्रतिस्पर्धी आपल्यातील उत्तम ते बाहेर काढतो. म्हणून तो शत्रू नसून एका अर्थी आपला सहकारीच होय.

वाचकहो, प्रेषित पौलाने आपले पत्र ज्या करिंथ नगरीस लिहिले, तिच्याजवळच इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत. त्या पत्रात पौल धावपटूचा आणि नाशवंत मुकुटाचा दाखला देतो. त्याच पत्रात तो एका शरीराच्या अनेक अवयवांविषयी लिहितो. आणि त्याच पत्राच्या आरंभी, पुढाऱ्यांच्या नावाने गट पाडणाऱ्या मंडळीची तो कानउघाडणी करतो. धाव, शरीर आणि गटबाजी हे तिन्ही विषय एकाच पत्रात यावेत, हा मला योगायोग वाटत नाही. आपुलकी आणि फूट यांचे मूळ एकच आहे. 'आपले' या शब्दाचा आपण काय उपयोग करतो, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या तरुण संघाच्या क्रीडास्पर्धा आठवा. दुसऱ्या मंडळीचा संघ जिंकला, तर आपण त्याच्याशी मनापासून हस्तांदोलन करतो, की पंचाला दोष देत घरी जातो? आपल्या मुलाच्या हातून झेल सुटला, तर घरी त्याच्या वाट्याला काय येते, धीर की टोमणा?

म्हैसूरच्या मैदानावर दोन संघांत सहा धावांचे अंतर राहिले. आपल्यात आणि आपल्या प्रतिस्पर्ध्यात किती अंतर आहे, हे प्रत्येकाने अंतर्मुख होऊन मोजावे. ते अंतर धावफलकावरच राहिले, अंतःकरणात उतरले नाही, तर खेळ सार्थकी लागला असे समजावे.